सर्वपित्रीले ओला झालेला कागद

पुसाले नाही पाहिजे होतं. कागदावर पाणी पडलं ते पडलं, तसंच पंख्याखाली ठेवलं असतं तर अर्धा ठप्पा तरी वाचला असता, पण मी घाबरली, पदरच घेतला हातात अन् दाबून पुसलं, अन् पदर उचलून पाहते तं निळी शाई पदराले, बोटाले, सगळ्या कागदावर. जिथं गोल ठप्पा होता तिथं आता नुसता निळा डाग, खिशात पेन फुटल्यासारखा. मायबाई, हे काय झालं, असं मी म्हणतच होती, तेवढ्यात फोन वाजला.

फोन वरच्या खोलीतल्या दीदीचा.

"भाभी, वो मेरे पापा का कागज आपके पास है ना? उसका फोटो भेजो. अभी भेजो. आज शाम तक टाइम है."

"हाँ दीदी, भेजती हूँ," मी म्हणलं अन् फोन कापला.

दुसरं काही सुचलंच नाही. दीड वर्षाची पोरगी कडेवर, तिनं माझी निळी बोटं धरून तोंडात घातली, मग तिचं तोंड पुसलं, मग कागद वर धरला, मग खाली ठेवला. सासूबाई गच्चीवर कावळ्याले घास ठेवून राहिल्या होत्या, वरून त्यांचा आवाज येई, काव काव. मी त्यांना हाक मारली, पण त्यांना ऐकू गेली नाही.

मी आठवीपर्यंत शिकली, तीबी हिंदीत, दीक्षितपुऱ्याच्या शाळेत, आमच्या शहरात सगळं हिंदीच चालते. मराठी आमची घरची. लिहाले बसली का दोन्ही एकात एक मिसळते, तरी लिहून राहिली, काहून का मले हे कोणाले तरी सांगाचंच आहे.

दीदी कांगोची. आफ्रिकेतला देश आहे. महाराजपुरात आमच्या घरावर एक खोली आहे, सासरे गेले तेव्हापासून आम्ही ती भाड्यानं देतो, अन् अधारतालकडच्या शेतकी कॉलेजात शिकणारी ही दीदी तिथं दोन वर्षांपासून राहते. पहिल्या दिवशी गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून पाहून राहिल्या होत्या, तर सासूबाई त्यांना म्हणल्या, "भाडेकरू होय, सर्कस नाही. जा, भाजी करपन तुमची." मी तिला दीदी म्हणते, ती मले भाभी म्हणते, तसं पाहिलं तर ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिखट आमच्यापेक्षा जास्त खाते. पहिल्यांदा ठेचा दिला तर म्हणे, "भाभी, इसमें मिर्ची डालना भूल गई क्या?"

तर हा कागद. तिच्या खोलीत खिडकीच्या चौकटीले उधई, म्हणजे वाळवी लागली होती, तिची दोन पुस्तकं खाल्ली. अन् तिला दोन दिवस मझौलीकडे शेतावर जायचं होतं, कॉलेजच्या कामानं, तुरीचं काहीतरी मोजाले. जायच्या आधी ती प्लॅस्टिकची फाइल घेऊन खाली आली अन् म्हणाली, तुमच्या लोखंडी कपाटात ठेवा. "बाकी सब खो जाए भाभी, यह नहीं."

फाइलमध्ये एकच कागद. वर एका माणसाचा फोटो चिकटवलेला, कोट घातलेला, थोडा हसणारा, अन् अर्धा फोटोवर अर्धा कागदावर असा गोल निळा ठप्पा. खाली त्यांच्या भाषेत टाइप केलेलं. मले त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. पण कशाचा कागद आहे ते माहीत होतं, म्हणूनच तर हे सगळं झालं.

ऑगस्टात एका संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढाले गेली तर दीदी टाकीजवळ बसून मेणबत्त्या लावून राहिली होती. समोर हाच फोटो, मोबाइलमध्ये, नुसता चेहऱ्याचा. तिकडच्या लोकांचा लढाईत मेलेल्यांना आठवायचा दिवस होता म्हणे. बाकीचे मोठ्या शहरात एकत्र जमतात, नावं वाचतात, इथं ती एकटीच. हवेनं मेणबत्ती विझे, ती परत लावे. सासूबाई बी वर आल्या, गुडघे धरून बसल्या अन् म्हणाल्या, विचार तिला कोण होय.

तिनं सांगतलं. तिच्या शहरात दोन बाहेरच्या देशांच्या फौजा एकमेकांशी लढल्या. शहर यांचं, अन् लढाई दुसऱ्यांची. घरावर गोळे पडत होते, नळ बंद, तिसऱ्या दिवशी तिचे वडील बादली घेऊन नदीकडे गेले, ते आलेच नाहीत. दीदी तेव्हा तीन वर्षांची. मुडदा सापडला नाही, बादलीबी नाही. कोणत्या दिवशी मेले हेबी माहीत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "मग त्यांचं श्राद्ध कोण करते?"

मी हिंदीत विचारलं. दीदी म्हणाली, "कोई नहीं. हमारे में नहीं होता."

सासूबाईंनी च् च् केलं अन् तेवढंच. पण माझ्या मनात ते अडकून बसलं. कोई नहीं.

अन् पैशाचं असं आहे, जेवढं मले समजलं तेवढं सांगते. कितीक वर्षांनी मोठ्या कोर्टानं सांगतलं का त्या दोन देशांतल्या एकानं भरपाई द्यावी, तर पैसा आला, अन् पैशासाठी कमिटी बसली, अन् पैसा आला तसं भांडणबी आलं. लोकं म्हणे कमिटीवाले गाड्या घेऊन राहिले, कमिटीवाले म्हणे खोटं आहे. एक साहेब काढला, दुसरा बसवला. ज्याचं माणूस मेलं तो लायनीत अन् ज्याचं कोणीच मेलं नाही त्याचं नाव यादीत. दीदी फोनवर तिच्या आईशी बोले ना, तर वरून भांडल्यासारखा आवाज येई. एकदा खाली येऊन मले म्हणाली, "मैं मम्मी को बोलती, छोड़ दो, वो लोग सब खा गए. मम्मी बोलती, खाने दो, पर लिस्ट में तेरे पापा का नाम रहेगा."

तिची आई तिकडे नदीकाठी सुकी मासोळी विकते. तिच्या शेजारणीचा खरा कागद एका दलालानं "जमा करून देतो" म्हणून नेला तो परत दिलाच नाही. म्हणून आईनं आपला कागद, नवरा लढाईत गेला त्याचा सरकारी दाखला, दीदीबरोबर इकडे पाठवून दिला. म्हणे, तिकडे हिंदुस्थानात कोण हात लावते त्याला.

मी लावला.

त्या दिवशी सर्वपित्री होती. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचंबी श्राद्ध त्या दिवशी चालते, हे मी लहानपणापासून ऐकलं आहे. सकाळी आंघोळ करून वडे तळले, खीर केली, सासऱ्यांचा फोटो पाटावर ठेवला, पान वाढलं. अन् कपाटातून नवं वस्त्र काढाले गेली तर ती फाइल समोर. मी म्हणलं, ज्याची तिथी नाही असा तर हाच माणूस आहे. काहून उपाशी राहावं त्यानं? मी कागद काढला, सासऱ्यांच्या बाजूले भिंतीले टेकवला, दुसरं पान वाढलं. सासऱ्यांना लावलं तसंच त्यांच्याबी कपाळाले गंध लावलं. खरं सांगते, तेव्हा मले कागद दिसलाच नाही, माणूसच दिसला. मग पळीतलं पाणी हातात घेऊन पानाभोवती फिरवलं, अन् पोरगी मागून येऊन माझ्या हाताले लोंबली. पळी, पंचपात्री, सगळं कागदावर.

तर आता दीदीचा फोन येऊन गेला होता, अन् मी निळी बोटं घेऊन बसली होती. नवऱ्याले फोन लावला. तो एका गोदामावर गार्ड आहे, दिवसपाळी होती.

"अरे यार, तुले कोणी सांगतलं होतं?" तो म्हणला. "त्यांचे देव वेगळे, आपले वेगळे."

"आता काय करू ते सांगा ना."

"फोटो काढ अन् पाठवून दे. दुरून कोणाले काय दिसते."

मी फोटो काढला. सगळं दिसत होतं. कपाळावर गंध, खाली निळा डाग, कागदाले सुरकुत्या. तेवढ्यात दीदीचा मेसेज, बोललेला: कमिटीत परत नवीन लोकं आले, त्यांना झेरॉक्स नको, झेरॉक्सवरून खोटे कागद बनून राहिले म्हणे, खऱ्या कागदाचा रंगीत फोटो पाहिजे, ठप्पा साफ दिसला पाहिजे, अन् ज्याच्या कागदावर खाडाखोड आहे त्याचं नाव आजच कटते. तिचा आवाज धावल्यासारखा येई. "भाभी जल्दी, मम्मी ऑफिस के बाहर खड़ी है."

मम्मी बाहर खड़ी है.

सासूबाई खाली आल्या, त्यांनी पाह्यलं. मले वाटलं रागावतील. त्या कागदाकडे पाहून राहिल्या अन् म्हणाल्या, "गंध पुसू नको मात्र. पितराले लावलेलं पुसत नाहीत."

"आई, ते गंधामुळेच तर!"

"गंधानं नाही झालं, तुया पदरानं झालं."

पोरीले कडेवर घेतलं, कागद टॉवेलात गुंडाळला अन् ऑटो करून अधारतालले झेरॉक्सच्या दुकानात गेली. तिथं आम्ही नेहमी जातो, राशन कार्ड, आधार, सगळं तिथंच. दुकानवाले भैया जेवून राहिले होते. हात धुवून आले, कागद पाह्यला.

"ये कौन हैं? आपके ससुर तो नहीं लगते."

"भैया, मजाक मत करो. इसका ठप्पा ठीक हो जाएगा क्या?"

"ठीक तो नहीं होगा. बन जाएगा."

त्यांनी स्कॅन केला, स्क्रीनवर मोठा केला. वरच्या बाजूले ठप्प्याची एक कड राहिली होती, चंद्राच्या कोरीएवढी. ती कोर त्यांनी उचलली, फिरवली, जोडली, परत फिरवली. अक्षरं थोडी त्या कोरीवरूनच घेतली, थोडी अशीच बसवली. माझ्या डोळ्यासमोर गोल पुरा झाला. मग माउस कपाळावर नेला अन् गंध काढाले लागले. घासून घासून काढून राहिले होते, जसं काही खरंच कोणाचं कपाळ घासून राहिले. मी तोंड फिरवलं. अन् मनात एकच, हा सरकारी ठप्पा आहे, दुसऱ्या देशाचा का होईना, आपण खोटा बनवून राहिलो, पोलीस आले तर पोरीले कोणापाशी ठेवू. दीदी आली तेव्हा आम्ही पोलीस थाण्यात फॉर्म भरला होता, घराचा पत्ता, नवऱ्याचं नाव, सगळं त्यांच्यापाशी आहे.

"लो बहनजी, नए से भी नया," भैया म्हणले अन् माझ्या मोबाइलवर टाकून दिला.

मोबाइलमध्ये आता दोन फोटो. एक घरी काढलेला, डागाचा. एक हा, साफ. दुकानाबाहेर उन्हात उभी राहिली. डागाचा पाठवला तर खरं आहे, पण खाडाखोड म्हणून आजच नाव कटते. साफ पाठवला तर नाव राहते, पण ते खोटं आहे. दीदीले फोन करून सांगावं, हे मनात आलं नाही असं नाही. आलं. पण मी काय सांगू? तुझ्या बापाले जेवू घातलं अन् त्यातच त्याचा कागद धुऊन टाकला? फोन हातात वाजून राहिला होता, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तिचं नाव. पोरगी रडून राहिली होती. मी साफवाला पाठवून दिला.

अर्ध्या घंट्यानं दीदीचा मेसेज, हात जोडलेलं चित्र. झालं म्हणे, घेतला. अन् संध्याकाळी तिनं तिच्या आईचा आवाज पाठवला. मले त्यांची भाषा समजत नाही. बाई हसत होती, मागं लोकांचा गोंगाट, अन् मधे एकदा तिनं "भाभी" म्हणलं. तेवढा शब्द समजला. मी तो मेसेज परत ऐकलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दीदी आली, चपलेले चिखल, थकलेली. फाइल मागितली. मी दिली. तिनं दारातच उघडली. कागद पाह्यला, मग मोबाइल काढला, मी पाठवलेला फोटो उघडला अन् दोन्ही बाजूबाजूले धरले. मी फरशीकडे पाहून राहिली.

"भाभी, यह ठप्पा कहाँ से आया?"

"दुकान से."

"और इधर वाला कहाँ गया?"

मग मी सगळं सांगतलं, रडत रडत, पान, खीर, पाणी, पदर. तिनं फोटोतल्या कपाळावरचा पिवळा डाग पाह्यला, बोट नेलं पण लावलं नाही.

"पापा चर्च में गाते थे," ती म्हणाली.

सासूबाईंना तेवढं हिंदी समजते. त्या आतून म्हणाल्या, "मग काय झालं. भूक तर त्यांनाबी लागतच असन."

दीदी हसली नाही. म्हणाली, "वो लोग बोलते थे आधा कागज झूठा है. मेरा मम्मी सबके सामने बोलती थी, मेरा सच्चा है, देख लो. अब मैं क्या बोलूँ?" अन् वर निघून गेली. चार दिवस आमच्याकडे आली नाही. मी जिन्यावर ताट ठेवी, ते तसंच परत मिळे. ती कॉलेजातच खाऊन येई. जिन्यावर तिचे पाय वाजले का मी हातातलं काम सोडून दाराशी येई, आता खोली सोडते म्हणते का, आता पोलिसांत जाते का.

पाचव्या दिवशी आली. बसली नाही, उभ्यानंच बोलली. तिकडे परत गडबड झाली, आता खरे कागद हातात घेऊन तपासणार आहेत, ज्याचा त्यानं आणून दाखवाचा. हिवाळ्याच्या सुट्टीत ती जाते आहे, कागद घेऊन. तर म्हणे, भाभी, तुम्ही एक चिठ्ठी लिहून द्या. हिंदीत चालन, मी त्यांच्या भाषेत करून घेईन. कागद कसा ओला झाला, कोणी केला, काहून केला, तुमच्या सहीनं.

"पूरा लिखूँ?" मी विचारलं. "दुकान का भी?"

पोरगी तिचा मोबाइल ओढून राहिली होती, तिनं ओढू दिला.

"पानी का लिखो," ती म्हणाली. "दुकान का... तुम सोचो. मेरे से मत पूछो. मैं बोलूँगी तो मैं भी झूठी हो जाएगी."

त्याले दोन-अडीच महिने झाले, तेव्हापासून कागद-पेन घेऊन बसून राहिली. नवरा म्हणते, कशावरही सही करू नको, ठप्पा बनवणं गुन्हा होय, दीदी जाईन तिच्या देशाले, आपल्याले इथंच राहाचं आहे. सासूबाई म्हणतात, पितराच्या कामात खोटं नको, लिही जे झालं ते. अन् दोघंबी बरोबरच आहेत. फक्त पाण्याचं लिहिलं तर कमिटीवाले विचारतील, मग तुम्ही साफ फोटो कुठून पाठवला? दुकानाचं लिहिलं तर मी माझ्या हातानं लिहून दिलं का त्या बाईचा कागद बनावट आहे, अन् ज्यांना यादीतून नाव काढाले एक कारणच पाहिजे, त्यांना ते मी देईन. काहीच नाही लिहिलं तर दीदी एकटी त्या डागासमोर उभी राहते. अन् तिच्या आईले अजून काहीच माहीत नाही. तिच्या लेखी मी अजून चांगली भाभी आहे.

पाण्यापर्यंतचं लिहून झालं आहे. पुढची ओळ चार वेळा लिहिली अन् चार वेळा फाडली. दीदी परवा जाते.

तुम्हीच सांगा. दुकानाबाहेर माझ्या जागी तुम्ही असते, कडेवर रडती पोरगी, हातात ते दोन फोटो, अन् तिकडे कुठंतरी एक बाई ऑफिसबाहेर उभी, तर तुम्ही कोणता पाठवला असता? अन् आता, या चिठ्ठीत, तुम्ही काय लिहिलं असतं?